स्थावर, जंगम आणि साडू

करांच्या दरपत्रकात चौऱ्याण्णवावं प्रकरण आहे. त्यात खुर्च्या आहेत, टेबलं आहेत, गाद्या, उशा, रजया आहेत, दिवे आहेत, रात्री झगमगणाऱ्या पाट्या आहेत आणि या सगळ्या संसाराच्या शेवटी, ९४०६ या क्रमांकावर, घर आहे. कारखान्यात तयार करायचं, ट्रेलरवर चढवायचं आणि गिऱ्हाइकाच्या जागेवर नेऊन उतरवायचं, असं घर. त्यावर १८ टक्के जीएसटी. सरकारदरबारी या घराची भावकी गाद्या-उशांशी आहे, ही माहिती मला आमच्या साडूंनी दिली. देताना थाट असा, की जणू त्यांच्या हातात वतनाची सनद पडली आहे.

"म्हणजे कळलं का? हे घर नव्हेच. ही वस्तू. स्वतःच्या शेतात बाज टाकायला कुणाची परवानगी लागते का?"

साडूंचं उभं आयुष्य कंटेनरांत गेलं. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं तेव्हा ते नुकते कॉलेजातून बाहेर पडले होते. तेव्हापासून थेट परवापर्यंत त्यांनी कस्टम क्लिअरिंगचं काम केलं. लोक निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरी हातात घेतात, साडू अजून दरपत्रकाचं पारायण करतात. दिवाळीला आमच्याकडे आले तेव्हा चकलीचा तुकडा हातात धरून त्यांनी तिचा आठ आकडी कोड सांगितला होता, आणि मग चकली खाल्ली.

तर नेऱ्याच्या पुढे, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी साडूंची वडिलोपार्जित एकरभर जमीन आहे. तिथे छोटंसं घर असावं ही त्यांची जुनी इच्छा. पण आमच्या पनवेल तालुक्यात जमिनीवर काही कायमचं करावं असं कुणाला वाटेल तर शपथ. १९७० मध्ये सिडको आली. पाठोपाठ बंदर आलं, द्रुतगती महामार्ग आला. २०१३ मध्ये 'नैना' नावाचं प्रकरण आलं आणि पुष्कळशा गावांच्या नकाशांवर रंगीत रेघा उमटल्या. विमानतळासाठी तर दहा गावं बिऱ्हाडासकट हलली, डोंगर सपाट झाला, नदीलाही नवा रस्ता दाखवण्यात आला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. डोंगर आणि नदी जिथे आपली जागा राखू शकल्या नाहीत तिथे साडूंच्या वन-बीएचकेची काय कथा! म्हणून त्यांनी ठरवलं की घर असं घ्यायचं, की उद्या एखादी रेघ आपल्या आंब्याखालून गेली तर हायड्रा क्रेन बोलवायची, घर उचलायचं आणि रेघेच्या पलीकडे ठेवायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, साडूंचं ट्रेलरवर असणार होतं.

यात मला तरी गैर काही दिसलं नाही. कोलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये पनवेलची ख्याती गाडीच्या चाकांसाठी आहे. घाटावरचे गाडीवान इथली चाकं घेऊन जात. चाकांच्या गावाने घरालाही चाकं लावली तर ती परंपराच म्हणायची.

साडूंनी मग एक वापरलेला चाळीस फुटी, साडेनऊ फूट उंचीचा कंटेनर पसंत केला. उरण रस्त्याच्या बाजूला असे कंटेनर एकावर एक रचलेले दिसतात. त्यांतला एक निवडून साडूंनी त्याच्यावर ज्या मायेने हात फिरवला तेवढ्या मायेने ते आपल्या जावयाकडेही बघत नाहीत. कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळच्या एका फॅब्रिकेटरने आत फोम भरला, प्लायचं अस्तर लावलं, मोरी केली, ओटा बसवला. बाहेरून आकाशी रंग. जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं: 'पाया नको, खोदाई नको, परवानगी नको. सकाळी ऑर्डर, संध्याकाळी गृहप्रवेश.' यातल्या 'ऑर्डर' या एका शब्दाखेरीज बाकी सगळं वादग्रस्त निघालं.

पहिला आक्षेप आला घरातूनच. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "पाया नाही त्या घरात मी पाण्याचा घोट घेणार नाही." साडूंनी त्यांना समजावलं की हा डबा पोलादाचा आहे, याच्या डोक्यावर जहाजात भरलेले कंटेनर रचतात, दाराजवळच्या पाटीवर तसं कोरलेलंच आहे: वर १,९२,००० किलोपर्यंत भार चालेल. सासूबाई म्हणाल्या, "डोक्याचं नाही विचारलं मी. पायाचं विचारलं."

त्या पाटीवर साडूंची फार भिस्त होती. कंटेनर सुरक्षित असावेत म्हणून १९७२ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याप्रमाणे प्रत्येक कंटेनरवर ही धातूची पाटी असते. नवा कंटेनर पाच वर्षांच्या आत तपासायचा, आणि पुढे दर तीस महिन्यांनी. "या डब्याला प्रशांत महासागर ओलांडायची परवानगी आहे," साडू एका कार्यालयात छाती पुढे काढून म्हणाले. समोरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "पण नेऱ्याला राहायची आहे का?"

कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण साडूंना तिथे अजून जायचं आहे. तिथलं म्हणणं थोडक्यात असं होतं की, माणूस आत झोपतो, चूल पेटते, संडास आहे, तर ते घर. आणि घर आलं की आधी मंजुरी, मग जोत्याची तपासणी, मग पुढचं. "तुमच्या घराचं जोतं कुठाय?" "जोतं नाहीच." "मग तपासायचं काय?" "तेच म्हणतोय मी, तपासायचं काही नाहीच!" साडूंना वाटलं आपण जिंकलो. प्रत्यक्षात फाइल टेबलाच्या डाव्या बाजूची उजव्या बाजूला गेली.

तिथून ते बँकेत गेले. तिथे नेमकं उलट. गृहकर्ज स्थावर मालमत्तेवर मिळतं; हा डबा जमिनीला चिकटलेला नाही, तेव्हा तो जंगम. जंगम म्हणावं आणि वाहनकर्ज मागावं तर याला चाकं नाहीत. चाकं नाहीत म्हणून पनवेलकराचं कर्ज अडावं, हा काळाचा सूड नव्हे तर काय? बँकेतल्या मुलाने शेवटी सुचवलं, "काका, पाया घाला, त्याला घर जोडा आणि इंजिनियरचं सर्टिफिकेट आणा. मग बघू." म्हणजे कार्यालयात सिद्ध करायचं की हे घर उचलता येतं, आणि बँकेत सिद्ध करायचं की ते उचलता येत नाही. एकाच दिवशी. दोन्हीकडे तीच फाइल.

साडूंसारख्या माणसाला अशा वेळी झोप येत नाही, कायदा येतो. चार दिवसांत त्यांनी स्थावर-जंगमाचा असा अभ्यास केला की बोलता सोय नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टप्रमाणे जमिनीला जोडलेली वस्तू, आणि जमिनीला जोडलेल्या वस्तूला कायमची जखडलेली वस्तू, स्थावर. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आणखी बारकाईत जातो: झाडासारखी मुळं धरलेली, भिंतीसारखी रुतलेली, वगैरे. इथपर्यंत ठीक. पण नटबोल्टचं काय?

नटबोल्टवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण झालेलं आहे आणि साडूंनी ते मला रात्री अकरा वाजता फोनवर ऐकवलं. २०१० चा निकाल आहे. डांबर आणि खडी कालवणारी यंत्रं दीड फूट खोल काँक्रीटच्या पायावर बोल्टने बसवलेली होती. ती स्थावर की जंगम, यावर उत्पादन शुल्क अवलंबून. न्यायालय म्हणालं, हा पाया यंत्र थरथरू नये म्हणून आहे, जमिनीशी कायमचं नातं जोडावं म्हणून नाही. सबब यंत्र जंगम. "दीड फूट!" साडू फोनवर ओरडले. "दीड फूट पाया असूनही जंगम!"

पण खरी मेजवानी मोबाइल टॉवरची आहे. २०१६ च्या डिसेंबरात अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालमत्ता करापुरता टॉवर हा 'इमारत' धरता येईल. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने, वेगळ्या कायद्याखाली, सांगितलं की टॉवर आणि त्याच्या पायथ्याशी असते ती तयार बनावटीची खोली, दोन्ही जंगम आहेत आणि कंपनीला कराची सूट घेता येईल. कायद्याच्या माणसाला यात विसंगती दिसणार नाही. कर वेगळा, व्याख्या वेगळी, हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. पण साडूंना एकदम आप्त भेटल्यासारखं झालं. टॉवर जर वसुलीच्या वेळी इमारत आणि सवलतीच्या वेळी सामान असू शकतो, तर आपला डबा का नाही?

अमेरिकेतल्या पुतणीनेही याच सुमारास तेल ओतलं. ती नॉर्थ कॅरोलायनात असते आणि तिने तसलंच कारखान्यातलं घर घेतलं आहे. त्या देशात १५ जून १९७६ पासून अशा घरांसाठी केंद्र सरकारची वेगळी संहिता आहे. रस्त्यावरून आलेल्या प्रत्येक भागाच्या बाहेरच्या अंगावर छोटी लाल पट्टी ठोकलेली असते, आणि घराच्या पोटाखाली गाडीचा सांगाडा कायम राहतो. जागेवर बसवल्यावर निदान ३२० चौरस फूट भरलं, तर ते त्या व्याख्येत बसतं. साडूंनी लगेच चाळीसला आठने गुणलं. तीनशे वीस! व्हिडिओ कॉलवर त्यांचा आनंद मावेना. आपला डबा अमेरिकन कायद्याच्या उंबरठ्याला बरोबर टेकतो, एक इंच कमी नाही की जास्त नाही. पुतणी म्हणाली, "काका, पण इथेही बँकेने पाया विचारलाच. सरकारी हमीचं कर्ज हवं असेल तर पाया कायमचा आहे असं इंजिनियरने लिहून द्यावं लागतं. १९९६ चं एक जाडजूड सरकारी पुस्तकच आहे त्यावर. आमच्याकडचा इंजिनियर टॉर्च घेऊन घराखाली सरपटत गेला होता." साडूंचा चेहरा पडला. कंटेनर चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवायचा त्यांचा बेत होता. त्याखाली सरपटायला मांजर लागलं असतं.

म्हणून अखेर इंजिनियर.

इथे थोडं विषयांतर. आमच्याकडे इमारतीला तीस वर्षं झाली की ती धडधाकट असल्याचं प्रमाणपत्र संरचना अभियंत्याकडून घ्यावं लागतं. नवीन पनवेलमधल्या कित्येक सोसायट्या आता त्या वयात आल्या आहेत. त्यांच्या सर्वसाधारण सभा मी ऐकल्या आहेत. इंजिनियर कोणता आणायचा यावर चर्चा फार होत नाही, 'बघायला येणारा' आणायचा की 'न येता देणारा' यावर होते, आणि दुसरा स्वस्त असतो. आपल्याला इंजिनियरचं मत नको असतं, शिक्का हवा असतो. डॉक्टरकडे गेल्यावर निदान नाडी तरी पुढे करतो आपण. इंजिनियरपुढे थेट स्टॅम्प पॅड सरकवतो.

साडूंनीही तेच केलं. पनवेलमध्येच कार्यालय असलेली एक तरुण इंजिनियर आमच्या ओळखीत निघाली. "मॅडम, एक छोटीशी सही हवी होती," साडू म्हणाले. तिने विचारलं, "जागा बघायला कधी येऊ?" साडूंना हे अनपेक्षित होतं.

ती आली आणि सगळ्यात आधी तिने खाली नाही, वर पाहिलं. डोंगराकडे. उतार किती, पाणी कुठून उतरतं, वरचे दगड सुटे आहेत का, झाडं वाकलेली आहेत का. या डोंगररांगेत, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वाचलेल्या कुटुंबांना पुढे चौकजवळ अशाच कंटेनरच्या खोल्यांत दिवस काढावे लागले. ती त्याबद्दल काही बोलली नाही, साडूही बोलले नाहीत. दोघं बराच वेळ वर बघत उभे होते. मग तिने कंटेनरची ठरलेली जागा बदलून बांधापलीकडे नेली आणि साडूंनी एका शब्दाने वाद घातला नाही, यावरून काय ते समजा.

मग खड्डा घेतला. वीतभर माती, खाली मुरूम, चार फुटांवर कातळ. साडूंनी पहारीचा खणखणाट ऐकून विजयी मुद्रेने पाहिलं. "बघा! असल्या जमिनीला पाया कशाला हवा? हत्ती उभा करा, खचणार नाही."

"जमीन उत्तमच आहे, काका," ती म्हणाली. "घर खाली जाईल ही मला भीतीच नाही. ते वर जाईल किंवा बाजूला जाईल, ही भीती आहे."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी आंब्याकडे पाहिलं.

तिने वही काढली. रिकामा चाळीस फुटी डबा चार टनांच्या आतबाहेर. भारतीय मानकाप्रमाणे मुंबईच्या पट्ट्यात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. त्याचा वर्ग करायचा, ०.६ ने गुणायचं. दाब आला चौरस मीटरला सुमारे ११८ किलो. डब्याची लांब बाजू पस्तीस चौरस मीटरांची. गुणाकार केला तर वाऱ्याचा धक्का चार टनांच्या वर. "म्हणजे वारा आणि तुमचं घर एकाच वजनी गटात खेळतात. जागा, उंची, डोंगराचा आडोसा बघून आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण मॅच बरोबरीची आहे."

"इथे कुठे येतं असलं वादळ?" साडू म्हणाले, आणि लगेच गप्प झाले. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडात शिरलं तेव्हा त्यांच्याच गोठ्याचे पत्रे शेजारच्या गावच्या सरपंचांनी परत पाठवले होते.

"आता पाणी," ती म्हणाली. साडूंनी खाली बसून घेतलं. डब्याचा तळ तीस चौरस मीटर. आत पलंग, फ्रिज, भांडी, माणसं धरून वजन साडेपाच टन. साडेपाचला तिसाने भागा. पाणी जर आत शिरलं नाही, तर अठरा-एकोणीस सेंटिमीटर पाण्यात हे घर तरंगायला लागेल. "टीचभर पाण्यात, काका. आणि कंटेनर पाणी आत येऊ नये म्हणूनच बनवलेला असतो. तो त्याचं काम चोख करणार." गाढी नदी तिथून लांब नाही. नदीला पूर आल्यावर आपलं घर गाढीतून कसं कसं पनवेलच्या खाडीला लागेल आणि तिथून, जुन्या सवयीने, न्हावा-शेवाला जाऊन रांगेत उभं राहील, हे चित्र मला फार मोहक वाटलं. मी ते बोलून दाखवलं. कुणी हसलं नाही.

शेतावर लक्ष ठेवणारे ठाकूरवाडीतले आजोबा बाजूला उकिडवे बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, "साहेब, हे बांधणार कशाला? बैलाला खुंटा लागतो, याला नको?" खरं तर त्या सगळ्या गणिताचा सारांश एवढाच होता. डोंगरकडेच्या कुडाच्या घरात मेढी हातभर जमिनीत पुरलेल्या असतात त्या उगाच नाही. कारवीच्या भिंतींचं वजन ते काय असणार, वाऱ्यात घर जागेवर ठेवतात त्या मेढी. आणि पावसाळ्याच्या तोंडावर अख्ख्या कोकणात पत्र्यांवर दगड, जुने टायर, फुटकी जाती चढतात. जड वाड्याचा पाया ओझं पेलायला असतो. हलक्या घराचा पाया त्याला धरून ठेवायला असतो. हे कोकणात ज्याच्या त्याच्या छपरावर लिहिलेलं आहे. ते वाचायला साडूंना इंजिनियर आणावी लागली, एवढंच.

तरी साडूंनी शेवटचा प्रयत्न केला. "पण मॅडम, पाया घातला तर माझं घर जंगम कसं राहील?"

यावर ती जे बोलली त्याने तिची फी वसूल झाली. "काका, तुम्ही एवढी वर्षं बंदरात होतात. जहाजावर कंटेनर कसा ठेवतात?"

साडू उभे राहिले. "ट्विस्टलॉक!"

कंटेनरच्या आठही कोपऱ्यांत भोकं असलेले ओतीव ठोकळे असतात. त्यात खालून एक खुंटी शिरते, तिला पाव फेरा दिला की कुलूप. जहाज हेलकावे खाओ, ट्रेलर खड्ड्यातून जावो, कंटेनर जागचा हलत नाही. पुन्हा पाव फेरा दिला की मोकळा. "समुद्रावर ज्याला तुम्ही कुलूप घालत होतात, त्याला नेऱ्याच्या वाऱ्यात मोकळं सोडणार होतात," ती म्हणाली. साडूंना इतकं खजील झालेलं मी त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

मग सगळं भराभर ठरलं. चार कोपऱ्यांना चार फुटिंग, कातळापर्यंत. जमिनीच्या वर तीन फूट खांब, पाणी खालून जायला. खांबाच्या डोक्यावर अँकर बोल्टने बसवलेली लोखंडी प्लेट आणि तिच्यावर ट्विस्टलॉक. गवंड्याने पाण्याची नळी लावून चारही माथे एका पातळीत आणले. एकेका पायाचं काँक्रीट आणि वरची माती मिळून वजन दोन टनांच्या पुढे, चारांचं मिळून घरापेक्षा जास्त. साडूंनी हिशेब करून मला सांगितलं, "म्हणजे मी मुळात पायाच विकत घेतलाय. घर त्याच्यावर फुकट."

एका बाबतीत मात्र ती अडून बसली. फॅब्रिकेटरने माथेरानच्या बाजूला जवळजवळ पूर्ण लांबीची काच लावून दिली होती. कंटेनर चार कोपऱ्यांवर उभा राहतो आणि मधल्या चाळीस फुटांत त्याला पेलते ती बाजूची पन्हळी भिंतच. ती भिंत नाही, तो गर्डर आहे. त्यात एवढा मोठा काप दिला की मधून पोट सुटतं आणि आधी दार अडकायला लागतं. काच निघाली, भोवती जाड चौकट आली, पत्रा परत आला, आणि माथेरान दोन बाय तीनच्या खिडकीत मावण्याएवढं लहान झालं. साडूंनी हे मनाला लावून घेतलं. जमीन एकरभर, डोंगर अख्खा, आणि दर्शन तिकीटघरासारखं.

ट्रेलर आला त्या दिवशी गाव लोटलं. नेऱ्याच्या वळणावर ट्रेलर, एक एसटी आणि लग्नाचा टेम्पो यांची जी गाठ पडली ती सोडवायला दुपार झाली. त्यात कुणी कुणाला काय म्हणालं ते लिहिण्यासारखं नाही. हायड्राने डबा उचलला, चार खांबांवर टेकवला, आणि साडूंनी स्वतःच्या हातांनी चारही कुलुपांना पाव-पाव फेरा दिला.

आता गुरुजी. वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात. गुरुजींनी आग्नेय दिशा बघितली, खाली वाकून जमीन ठोठावली आणि विचारलं, "हे काय?" "अठ्ठावीस मिलिमीटर प्लायवूड." "खाली?" "हवा. तीन फूट." गुरुजींनी पोथी मिटली. वास्तुपुरुषाला प्लायवूडमध्ये पुरायची सोय पोथीत नाही. बरीच खलबतं झाली. शेवटी आग्नेयेच्या फुटिंगशेजारी, जमिनीतच, त्याची स्थापना करायचं ठरलं. गुरुजी अनुभवी असल्यामुळे त्यांनी पुढचाही प्रश्न विचारून ठेवला: "उद्या घर हलवलंत तर वास्तुपुरुष इथेच राहणार की बरोबर येणार?" साडू विचारात पडले. न्यायालयाच्या कुठल्याच निकालात वास्तुपुरुष स्थावर की जंगम याचा उल्लेख त्यांना सापडलेला नव्हता. सासूबाईंनी निकाल दिला, "तो इथेच राहील. पाया इथे आहे ना?" आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

कार्यालयात साडू आता सांगतात, पाव फेरा दिला की घर सुटतं, शंका असेल तर दाखवतो. बँकेत सांगतात, कातळापर्यंत काँक्रीट आहे, अँकर बोल्ट आहेत, कुलूप आहे. दोन्ही खरंच आहे. बँकेने फाइल 'वर' पाठवली आहे. कार्यालयातली फाइल टेबलाच्या मध्यभागी आली आहे, ही प्रगती समजली जाते.

आणि प्रमाणपत्र मिळालं. तीन पानी. पहिल्या पानावर वारा, भूकंप, माती. पनवेल भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येतं, पण हलक्या डब्याला त्याचं फार भय नाही, असं तिने तोंडी समजावलं होतं. दुसऱ्या पानावर आकृती, तिसऱ्यावर अटी. दर पावसाळ्यापूर्वी चारही कुलुपं तपासावीत. गंज दिसताच खरवडून रंग द्यावा. अंगावर दुसरा कंटेनर चढवू नये. खांबांमधली जागा भिंत बांधून बुजवू नये. सातवी अट साडूंनी वाचली की नाही माहीत नाही.

शिक्का आणि सही असलेला तो कागद साडूंनी सोनेरी चौकटीत बसवून घेतला आणि बैठकीच्या दर्शनी भिंतीवर लावला. फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, नॉर्थ कॅरोलायनात पाठवला, इंजिनियर मुलीलाही पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"काका, फ्रेम सुंदर आहे. कशावर टांगलीय?"

"चांगला जाड स्क्रू आहे."

"स्क्रू कशात आहे?"

साडू थांबले. चष्मा लावून त्यांनी चौकटीतलं तिसरं पान शोधायचा प्रयत्न केला, पण फ्रेमवाल्याने ते मागच्या बाजूला घातलं होतं.

"सात नंबरची अट," ती म्हणाली. "लेखी परवानगीशिवाय भिंतीला कुठेही छिद्र पाडायचं नाही. ड्रिल आरपार गेलंय का, तेवढं बघून सांगा."

साडूंनी फ्रेम उतरवली, स्क्रू काढला आणि भोकाला डोळा लावला.

"मॅडम," ते म्हणाले, "माथेरान दिसतंय."